पहिले गिऱ्हाईक आणि उद्योगाचे शिक्षण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेली अनेक मंडळी आज समोर बसली आहेत. मला ते भाग्य लाभले नाही. परंतु त्यांच्याविषयी जे ऐकले त्यातील एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. गणिताचा पाठ संपल्यावर ते वर्गाला ‘समजले का?’ असे कधीच विचारीत नसत. या प्रश्नाला मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात, हे त्यांना ठाऊक होते. ते मागच्या बाकावरील एखाद्या मुलाला उभे करीत आणि म्हणत, ‘काय समजले ते तुझ्या शब्दांत सांग.’ आजच्या विषयाकडे वळताना ही आठवण उपयोगी पडेल, म्हणून आरंभीच नोंदवून ठेवतो.

विषय संस्थेने सुचविला आहे : शालेय शिक्षण आणि उद्योजकता. निमंत्रण घेऊन आलेल्या चिटणीसांना मी म्हटले, ‘अहो, मी जन्मभर मराठी शिकवली. एक टाचणीसुद्धा कधी विकलेली नाही. उद्यमबागेतील एखाद्या कारखानदाराला का बोलवीत नाही?’ ते म्हणाले, ‘सर, कारखानदार येतात तेव्हा ते यश कसे मिळाले ते सांगतात. मुले टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. तुम्ही काहीतरी वेगळे सांगा.’ वेगळे काय सांगायचे, याचा विचार मी दोन महिने करतो आहे.

त्या विचाराला चालना मिळाली ती एका स्पर्धेमुळे. काही काळापूर्वी एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या नवोद्योग आराखड्यांची स्पर्धा घेतली आणि भाषेच्या बाजूने गुण देण्यासाठी मला परीक्षक म्हणून बोलावले. सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’चा प्रारंभ केल्यापासून अशा स्पर्धांना बहर आला आहे, आणि त्यात वावगे काही नाही. मुले हुशार होती. पडद्यावर आलेख सरसर चढत होते. पहिल्या वर्षी इतके ग्राहक, तिसऱ्या वर्षी तितके, पाचव्या वर्षी दक्षिण भारत पादाक्रांत! एका गटाने दुधातील भेसळ ओळखणारे एक लहानसे उपकरण योजले होते. मी विचारले, ‘बाळांनो, किती गवळ्यांशी बोललात?’ क्षणभर शांतता पसरली. मग गटप्रमुख मुलगी म्हणाली, ‘सर, आम्ही ऑनलाइन पाहणी केली आहे. फॉर्म भरून घेतले.’ ‘कोणी भरले?’ ‘आमच्या वर्गातल्यांनी, सर.’ सभागृहात हशा पिकला. मी हसलो नाही. ती मुलगी प्रामाणिक होती आणि मला माझ्याच आयुष्यातील एक प्रसंग आठवला होता. तो पुढे सांगेन. त्या गटाला पारितोषिक मिळाले, हे मात्र सांगितले पाहिजे.

मी भाषेचा माणूस असल्यामुळे शब्दापासून सुरुवात करतो. ‘ग्राहक’ हा शब्द ‘ग्रह्’ या धातूपासून आला आहे. ग्रह् म्हणजे घेणे. परंतु केवळ हाताने घेणे नव्हे, मनाने घेणेही. म्हणूनच आपण ‘रसग्रहण’ म्हणतो, ‘आकलन आणि ग्रहण’ म्हणतो. याच शब्दाचे बाजारात रुळलेले रूप म्हणजे ‘गिऱ्हाईक’. आणि आपल्या बोलीने या शब्दाचे काय केले पाहा : एखाद्याची फजिती करणे याला आपण ‘त्याचे गिऱ्हाईक केले’ असे म्हणतो! जो आपल्याकडून घेतो, ज्याला आपले बोलणे आधी उमगते किंवा उमगत नाही, त्याच्याविषयी एवढी तुच्छता आपल्या वाक्प्रचारात कुठून आली, याचा शोध एखाद्या अभ्यासकाने घ्यावा. मला मात्र असे वाटते की उद्योगाच्या शिक्षणातील आपले सारे अपुरेपण या एका वाक्प्रचारात साठलेले आहे.

आता या गावचीच एक गोष्ट घेतो. आपण सगळे किर्लोस्कर रोडवरून जातो-येतो. ज्यांच्या नावाचा तो रस्ता, त्या किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचे आरंभवर्ष १८८८ मानले जाते, आणि तो आरंभ बेळगावातील सायकलींच्या दुकानाने झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. शालेय अभ्यासात मन रमेना म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. तेथे ध्यानात आले की काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने हा केवढा आघात! परंतु रंगाविना चालणारी रेषा हाताशी होती. ते यंत्ररेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. म्हणजे आपल्या या कथेचा नायक मुळात शिक्षक आहे, हे या शाळेच्या सभागृहात मुद्दाम सांगावेसे वाटते. मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात वडीलबंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या, असा तो व्यवहार होता. पुढे बढतीच्या प्रसंगी आपल्याला डावलले गेले असे दिसताच लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते कायमचे बेळगावला आले.

त्या काळी सायकल विकणे म्हणजे नुसती वस्तू हवाली करणे नव्हते. घेणाऱ्याला ती चालवता येत नसे. त्याला शिकवावे लागे. विकणारा गिऱ्हाइकाच्या मागे धावतो आहे आणि गिऱ्हाईक पडते आहे, उठते आहे, कुरकुरते आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. माणूस कुठे घाबरतो, त्याचे धोतर कुठे अडकते, कोणता भाग प्रथम मोडतो, हे त्या धावण्यातच कळते. यंत्र आणि माणूस यांची गाठ जिथे पडते, तिथे लक्ष्मणराव स्वतः उभे होते.

सायकलीनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर. विलायतेहून रॅन्सम कंपनीचे लोखंडी नांगर त्या वेळी येत असत. तसा नांगर येथे घडवायचा, हा ध्यास. नांगर तयार झाला. आणि कोणी घेईना! पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होते.

हा प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकी चरित्रलेखनात कसा येतो, ते आपणास ठाऊक आहे. अडाणी, अंधश्रद्ध शेतकरी एका बाजूला आणि द्रष्टा उद्योजक दुसऱ्या बाजूला. शेवटी विज्ञानाचा विजय. मीही वर्षानुवर्षे तो असाच सांगत आलो. परंतु एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. आपला पारंपरिक लाकडी नांगर, बाभळीच्या खोडाचा, रुमणे-इसाड असलेला, तो तरी निव्वळ लाकडाचा कुठे होता? त्याच्या टोकाला लोखंडाचा फाळ होताच! शेतकऱ्याच्या बापजाद्यांनी शतकानुशतके जमिनीत लोखंड घातले होते आणि जमीन विषारी झाल्याची तक्रार कोणी केली नव्हती. मग जो माणूस रोज लोखंडी फाळाने नांगरतो तोच ‘लोखंडाने जमीन विषारी होते’ असे म्हणतो, तेव्हा तो नेमके काय म्हणत असतो?

कवितेतील एखादी ओळ वरवर विसंगत वाटली तर कवीला मूर्ख ठरवायचे नसते, ओळ पुन्हा वाचायची असते. हे मी वर्गात हजारदा सांगितले. शेतकऱ्याची ही ओळ मात्र पुन्हा वाचली नाही. आज वाचून पाहतो.

पहिला अर्थ अगदी शब्दशः घेता येतो. लोखंडी नांगर माती उलथून टाकतो. लाकडी नांगर ती फोडतो, पण तशी उलथत नाही. जिथे सुपीक थर पातळ आहे आणि खाली मुरूम किंवा चुनखडीची कच्ची माती आहे, तिथे खोल नांगरटीने खालचे वर येते आणि पहिल्या हंगामात पीक रोडावू शकते. शेजारच्या शेतात असे एकदा घडलेले पाहिले तर शेतकरी दुसरे काय म्हणणार? त्याच्या शब्दकोशात ‘विषारी’ हाच शब्द होता. उलट ज्या काळ्या जमिनीत हराळी आणि कुंदा खोल माजले आहेत, तिथे तीच खोल नांगरट वरदान ठरते. म्हणजे नांगर चांगला की वाईट, हा प्रश्न नव्हताच. कोणत्या रानात, कोणत्या महिन्यात, किती खोल, हा होता. कारखान्यात बसून त्याचे उत्तर मिळणे अशक्य.

दुसरा अर्थ जमिनीविषयी नाही, गावाविषयी आहे. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, फाळ लोहार शेवटून देई. ऐन पेरणीच्या तोंडावर काही मोडले तर तासाभरात दुरुस्त. ओतीव लोखंडाचा भाग मोडला तर गावच्या लोहाराला तो ठोकून सांधता येत नाही. ते लोखंड घणाखाली तुटते. तो भाग कारखान्यातूनच आला पाहिजे. आठ दिवस नांगर पडून राहिला आणि पाऊस आला, तर वर्ष गेले. ही भीती ‘मला तुमच्या कारखान्यावर अवलंबून राहायचे नाही’ अशा शब्दांत शेतकरी मांडीत नाही. तो म्हणतो, नको, जमीन बिघडते.

तिसरा अर्थ पैशाचा, आणि तो सांगायला माणसाला नेहमीच लाज वाटते. नांगराची किंमत रोख द्यायची होती आणि त्या व्यवहारात धान्याचे बलुते चालणारे नव्हते. परवडत नाही असे म्हणण्यापेक्षा वस्तूतच दोष आहे असे म्हणणे मानाचे. आपणही दुकानात साडी किंवा सदरा परत ठेवताना ‘रंग जरा भडक वाटतो’ असेच म्हणतो की!

यातील कोणता अर्थ खरा होता? कदाचित तिन्ही, निरनिराळ्या तोंडी. हे माझे वाचन आहे, इतिहास नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु इतिहास एवढे नक्की सांगतो की नांगर दोन वर्षांनी का होईना विकला गेला, आणि पुढे याच नांगराने किर्लोस्करांचे नाव दख्खनच्या रानोमाळ नेले. ओतीव फाळ मऊ राहिला तर चार दिवसांत बोथट होतो आणि फार कडक झाला तर दगडाला लागून तुटतो. या दोहोंमधील वाट रानात फाळ घासल्याशिवाय सापडत नाही. ज्या शेतकऱ्याने पहिला नांगर घेतला त्याने किंमत दिली आणि वर ज्ञानही दिले. त्याची पावती कोणी फाडली नाही.

१९१० मध्ये बेळगावच्या नगरपालिकेला वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी होती आणि लक्ष्मणरावांना गाव सोडावे लागले. औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळचा सुमारे ३२ एकरांचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या गावाने काय गमावले याचा हिशेब आज मांडण्यात अर्थ नाही. मांडायचा म्हटले तरी व्याख्यानाची वेळ पुरणार नाही.

परंतु मराठीचा प्राध्यापक म्हणून त्या माळावरच्या एका गोष्टीपाशी मला थांबलेच पाहिजे. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक निघू लागले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, हे त्याचे संपादक. चित्रकलेची आवड असलेला हा तरुण. कारखान्याचा माल, त्याचा वापर, गिऱ्हाईक आणि विक्रेते यांच्याशी संपर्क, एवढाच त्या पत्रकाचा मूळ हेतू. १९२९ मध्ये त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाचे मन घडविणाऱ्या मासिकांची ही परंपरा, आणि तिचे मूळ नांगराच्या गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या गरजेत आहे! वाङ्मयाच्या इतिहासात आम्ही ‘किर्लोस्कर’ शिकवतो; त्यातील निबंध, कथा, सुधारणावाद, विज्ञाननिष्ठेवरील सावरकरांचे लेख. नांगर मात्र तळटीपेत राहतो. मला वाटते, हा क्रम एकदा उलटा करून शिकवावा. ज्याला आपला माल कोणाच्या हातात पडला आहे हे जाणून घ्यावेसे वाटते, त्याला आज ना उद्या त्या माणसाच्या घरात काय चालले आहे, त्याची बायको काय वाचते, त्याचा मुलगा काय विचार करतो, याचीही उत्सुकता वाटू लागते.

आता कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आजच्या संगणकाच्या युगात काय तिचे? माझा नातू याच क्षेत्रात काम करतो. त्याने मला काही वाचायला दिले आणि मी थक्क झालो. स्टीव्ह ब्लँक नावाचे एक अमेरिकन गृहस्थ अनेक कंपन्या काढून पुढे शिक्षक झाले. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी जो अभ्यासक्रम सुरू केला त्यात विद्यार्थ्यांकडून व्यवसायाचा सुबक आराखडा मागितला जात नाही. त्यांना इमारतीबाहेर पिटाळले जाते. जा, ज्यांच्यासाठी वस्तू करता आहात त्यांना भेटा, आणि परत येऊन काय ऐकले ते वर्गासमोर सांगा. तुमची कल्पना हे केवळ गृहीतक आहे, असे तिथे पहिल्या दिवसापासून बजावले जाते. त्याच वर्षी एरिक रीस यांचे ‘द लीन स्टार्टअप’ हे पुस्तक आले. तेही हेच सांगते : थोडेसे करा, लोकांच्या हातात द्या, काय होते ते पाहा, शिका आणि मग पुढचे करा.

एक उदाहरण तर किर्लोस्करांच्या सायकलीची आठवण व्हावी असे आहे. ‘एअरबीएनबी’ हे नाव आपल्यातील परदेशवारी केलेल्यांना परिचित असेल. प्रवाशाने परक्याच्या घरी भाड्याने राहण्याची ती व्यवस्था. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील दोन तरुणांना घरभाडे भागेना, म्हणून त्यांनी आपल्या खोलीत हवेच्या गाद्या घालून तीन पाहुणे ठेवले. त्या तिघांत एक भारतातून शिकायला गेलेला तरुण होता. पुढे कंपनी काढली, पण ती चालेना. २००९ मध्ये त्यांचे मार्गदर्शक पॉल ग्रॅहम यांनी विचारले, तुमचे वापरणारे लोक कुठे आहेत? न्यूयॉर्कला, असे उत्तर आले. मग तुम्ही इथे काय करता आहात? ते दोघे न्यूयॉर्कला गेले आणि घरमालकांची दारे ठोठावू लागले. घरे चांगली होती, पण मालकांनी काढलेली छायाचित्रे अंधारी, वाकडीतिकडी. यांनी कॅमेरा भाड्याने घेतला आणि घरोघर जाऊन स्वतः छायाचित्रे काढली. तेव्हापासून धंदा हलला. अर्थात त्या कंपनीमुळे पुढे कित्येक शहरांत स्थानिकांना भाड्याने घरे मिळेनाशी झाली, अशी टीका झाली आणि तिच्यावर निर्बंधही आले, हेही विसरता कामा नये. गिऱ्हाइकाचे ऐकणारा शेजाऱ्याचेही ऐकतोच असे नाही.

विज्ञान, वाणिज्य, व्यवस्थापन या कोणत्याही शाखेत ही विद्या नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु तिचा गाभा मला भाषेत दिसतो. समोरचा माणूस जे बोलतो ते जसेच्या तसे ऐकणे, त्याच्याच शब्दांत टिपणे, आणि ‘जमीन विषारी होते’ या वाक्यामागे काय आहे हे घाई न करता उलगडणे, याला आम्ही रसग्रहण म्हणतो. आणि गिऱ्हाईक तक्रार करते ती नेहमी स्वतःच्या भाषेत, इंग्रजी फॉर्ममध्ये नव्हे. या गावात तर ती दोन भाषांत येते, आणि ज्याला मराठीइतकेच कानडीही कान देऊन ऐकता येते त्याला इथे दुप्पट शिकायला मिळते.

आता तो आधी कबूल केलेला प्रसंग. १९९२ च्या सुमारास आमच्या अभ्यासक्रमात ‘व्यावहारिक मराठी’ आली आणि मी हौसेने तिच्यावर एक पुस्तिका लिहिली. चौकशीपत्र, मागणीपत्र, तक्रारपत्र, सर्वांचे नमुने. मायना शुद्ध, परिच्छेद आखीव. पुस्तिका बरी खपली; खपणारच, परीक्षेला तीच होती! एके दिवशी संध्याकाळी द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी उभा राहिला. त्याच्या वडिलांची उद्यमबागेत लहानशी फौंड्री होती. म्हणाला, ‘सर, वडिलांना एक पत्र लिहून हवंय. आठ महिने पेमेंट थकलंय. पण पार्टी जुनी आहे. पैसे तर यायला पाहिजेत आणि माणूस तुटायला नको. तुमच्या पुस्तकात सगळं बघितलं, असलं पत्र त्यात नाही.’

मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘अरे, ते अभ्यासक्रमात नाही.’

तो ‘बरं सर’ म्हणून गेला. माझ्या पुस्तिकेचा तो पहिला खरा वाचक होता. बाकीच्यांनी ती गुणांसाठी वाचली. याने ती वापरून पाहिली, आणि ती कुठे मोडते हे मला येऊन सांगितले. मी त्याला परत पाठवले. पुस्तिकेच्या पुढे दोन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांत ते पत्र नव्हते.

चार वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. केस पिकलेले, फौंड्री आता तोच पाहतो. मी त्याला विचारले, ‘त्या पत्राचं पुढे काय झालं रे?’ त्याला आधी आठवेना, मग हसला. ‘मीच लिहिलं की, सर. आईनं सांगितलं तसं. निम्मे पैसे आले आणि पार्टी अजून आहे.’ मी म्हटले, मला ते पाहायचे आहे. आठवड्याने त्याने घरी येऊन त्याची जुनी कार्बन प्रत दिली. ‘आपल्या मुलीच्या लग्नाची तारीख ठरली हे ऐकून आनंद झाला’ अशी सुरुवात होती. मग भट्टीच्या कोळशाचा भाव, कामगारांची दिवाळी, आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता सांगावे तसे, ‘आपणाकडील बाकीचा विचार या महिन्यात झाल्यास आम्हांस लग्नास मोकळ्या मनाने येता येईल.’ माझ्या पुस्तिकेत या तोडीचे एक वाक्य नाही. मी वर्षानुवर्षे व्यावहारिक मराठी शिकवली आणि व्यवहारातील मराठी मला एका फौंड्रीवाल्याच्या घरातील माऊलीकडून शिकायची होती.

दुधाच्या उपकरणावाल्या त्या मुलीला मी का हसलो नाही, हे आता आपल्या लक्षात आले असेल. आम्हां शिक्षकांचे फॉर्मदेखील आमच्याच वर्गाने भरलेले असतात.

तेव्हा शाळेत उद्योजकता शिकवायची तर काय करावे, असे मला विचाराल तर माझी सूचना अगदी लहान आहे, आणि ती मराठीच्या तासाची आहे. २०१६ पासून अनेक शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा मिळाल्या आहेत. तिथे मुले हातांनी काही घडवतात ही आनंदाची गोष्ट. त्याच्या जोडीला नववीच्या प्रत्येक मुलाने वर्षातून चारदा एखाद्या दुकानात, गॅरेजात, पिठाच्या गिरणीवर, भाजीबाजारात तासभर बसावे आणि लोक काय कुरकुरतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे. सुधारून नव्हे, जसेच्या तसे, व्याकरणाच्या चुकांसकट. मग वर्गात ती एकेक तक्रार कवितेसारखी वाचावी : हा माणूस खरोखर काय म्हणतो आहे? गिरणीवाल्याला ‘पीठ गरम येतं’ असे सांगणाऱ्या बाईची अडचण उष्णतेची आहे, पोळ्यांची आहे, की थांबावे लागण्याची? या लेखनाला गुण द्यावेत. निबंधाचे दहा गुण कमी झाले तर मराठी बुडणार नाही, याची हमी मी देतो. दुकानदार आरंभी वैतागतील. मुलांना एक-दोनदा हाकलूनही देतील, आणि तेही लिहून आणता येईल.

आणि आता शेवटचे, जे बोलावे की नाही याचा मी बराच वेळ विचार केला. आपली शाळाही एक उद्योग आहे; नफ्याचा नव्हे, पण कोणीतरी यावे आणि घ्यावे यावर चालणारा. पूर्वी एकेका इयत्तेच्या जिथे अनेक तुकड्या होत्या तिथे आता एक भरताना दमछाक होते, हे मुख्याध्यापकांनी मला सांगितले. सर्वच मराठी शाळांचे हे दुःख आहे. यावर आपल्या सभांत भाषणे होतात. पालकांना भाषेचा अभिमान उरला नाही, इंग्रजीचे वेड लागले, असे आपण म्हणतो. मीही म्हणालो आहे, याच व्यासपीठावरून. परंतु तो निर्णय चरित्रकाराने शेतकऱ्याला अडाणी ठरवावे तसाच नाही का? गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या पालकांनी दाखले काढून नेले, त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी आपण गेलो? वाद घालायला नव्हे, मन वळवायलाही नव्हे. केवळ त्यांनी हा निर्णय का घेतला ते त्यांच्या शब्दांत ऐकायला? ते ‘इंग्रजीसाठी’ असे म्हणतील. त्या एका शब्दाच्या पोटात आणखी काय आहे? मुलीला एकटीला बस बदलावी लागते हे असेल, शौचालय असेल, दिराच्या मुलांशी होणारी तुलना असेल, एखाद्या शिक्षकाचा लागलेला शब्द असेल. आणि कदाचित खरोखरच इंग्रजी असेल; मग ती आपण कशी शिकवतो ते पाहता येईल. मला ठाऊक नाही. आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही, कारण आपण विचारलेले नाही.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की त्यांनी मला त्या पालकांची यादी द्यावी. मी ७७ वर्षांचा आहे. जिना चढताना थांबावे लागते, परंतु टिळकवाडीपासून शहापूर-वडगावपर्यंत अजून रिक्षाने जाऊ शकतो. सोबत एक-दोन माजी विद्यार्थी आले तर बरे. लिहून घ्यायला कोणीतरी हवे, माझे अक्षर आता मलाच लागत नाही. येत्या रविवारी सकाळी सुरुवात करता येईल.